धा ओला, ता कोरडा

ताटलीच्या काठावर बसलेली माशी पुढचे पाय चार वेळा एकमेकांवर घासते, थांबते, अर्धा सेंटिमीटर सरकते आणि पुन्हा चार वेळा घासते. मी खाटेवर कुशीला पडून हे पाहते आहे. दुपारचे अडीच वाजले आहेत. ताटलीखाली संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक झाकलेली आहे. माशी आत जाऊ शकत नाही हे मला माहीत आहे, तरी किळस येते. माशीच्या एका पायावर किती जंतू असतात हे मी तीस वर्षे दूध संघाच्या प्रयोगशाळेत नव्या मुलींना सांगत आले. आकडा कळला की किळस कमी होते असे लोकांना वाटते. होत नाही, वाढते.

पाच वाजता गावातल्या संगीत मंडळाचे चिटणीस शिरीष घाडगे यांचा फोन येणार आहे, आणि मला हो किंवा नाही सांगायचे आहे. दोन वर्षे मी "कळवते" म्हणते आहे. मंडळ मुलांसाठी पखवाजाचा वर्ग काढते आहे, माझे गुरू कै. गणूबुवा केंजळे यांच्या नावाने. अगदी सुरुवातीची मुले मी घ्यावीत असे शिरीषरावांना वाटते. मी नाही म्हटले तर वर्ग बुवांच्या पुतण्याकडे जाईल. पाच मुलींची नावे आली आहेत. पुतण्या म्हणतो, मुली टाळ्या देतील आणि कणीक बघतील.

ज्यांनी पखवाज जवळून पाहिला नाही त्यांना कणकेचे कळणार नाही. उजव्या तोंडावर काळी शाई कायमची असते. डाव्या, मोठ्या तोंडावर मात्र दर वेळी गव्हाची ओली कणीक थापावी लागते. तिच्या वजनाने कातडे जड होते आणि आवाज पोटात उतरतो. दोन्ही हात एकदम पडले की धा, एकटा उजवा पडला की ता. वाजवून झाले की ती खरवडून काढायची. बुवांच्या वर्गात ती कणीक दहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत मी मळली. वाजवत होते ते मुलगे.

माझ्याकडे आता स्वतःचा पखवाज आहे. निवृत्तीनंतर घेतला. दार लावून मी फक्त त्याची उजवी बाजू वाजवते. डाव्या बाजूला माझ्या घरात कधी कणीक लागलेली नाही.

माशी चार वेळा पाय घासते. थांबते. चार वेळा. या वेळी ती थांबते ती जरा जास्तच, आणि त्या थांबण्यात कुणीतरी खाकरते.

"मळलीस का गं, शाले?"

बुवा प्रयोगशाळेच्या ओट्यावर मांडी घालून बसले आहेत. त्यांच्या गुडघ्याला दुधाच्या नमुन्यांच्या बाटल्या टेकल्या आहेत. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही.

"बुवा, तिथे बसू नका. तो ओटा निर्जंतुक केलेला आहे."

"मेल्यालं मानूस मी. मला आता कसलं आलंय जंतू?"

"मेलेल्या माणसालाच जास्त असतात."

ते हसतात. दातांच्या फटींत तंबाखू काळी होऊन बसली आहे. मृत्यूने एवढे सगळे नेले, ती तेवढी ठेवली.

"त्वांड आलंय तुला," ते म्हणतात. "चल, पोरं बसल्यात."

मी बाटल्या उचलून बाजूला ठेवते, आणि ज्या फळीवर ठेवते ती बुवांच्या माडीवरची फळी आहे. शेणाने सारवलेली जमीन. पुढे मुलगे पखवाज घेऊन ओळीत बसले आहेत. त्यांच्यामध्ये दूध संघाचे कॅन उभे आहेत, आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही. मागे भिंतीशी मुली. प्रत्येकीपुढे एक परात. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी: धा ओला, ता कोरडा. खाली बुवांचे नाव.

वास तोच. कालची कणीक, आंबूस, त्यात तंबाखू. बुवा कणकेच्या कडा दाबताना अंगठा जिभेला लावत आणि तोच अंगठा कातड्यावर फिरवत. मी शंभर ग्रॅम पिठाला पासष्ट मिलिलिटर पाण्याच्या हिशोबाने, हाताच्या अंदाजाने, इतकी नीट कणीक मळलेली असे. तिच्यावर तपकिरी थुंकीचे अर्धवर्तुळ उमटे. वर्ग संपला की ती खरवड माझ्या हातात येई. अन्न फेकायचे नाही, असा बुवांचा नियम होता. खाली बुवांच्या पत्नी, काकू, त्या खरवडीची तव्यावर दामटी भाजत, आणि ती दर गुरुवारी मळणारीला प्रसाद म्हणून मिळे. तीन तास माराखाली, घामाखाली, थुंकीखाली राहिलेली कणीक. मी सहा वर्षे ती खाल्ली. दोन्ही हात पुढे करून घेतली आणि कपाळाला लावून खाल्ली. आजही मला बुवांची जेवढी किळस येते, त्याहून त्या पुढे केलेल्या हातांची येते.

"आण इकडं," बुवा हात लांब करतात.

माझ्या हातात ताटलीने झाकलेली कणीक आहे. ती मी घरून आणली असावी. बुवा झाकण काढतात, बोट बुडवतात, जिभेवर ठेवतात. त्यांचा चेहरा आक्रसतो.

"मीठ!"

"हो."

"मीठ घातलंस? पुडीचं कातडं सादळंल, नासंल! इतकी वर्सं काय शिकवलं तुला?"

"ही माझ्या घरची कणीक आहे, बुवा. आम्ही ती खातो. माझ्या घरात मिठाशिवाय कणीक भिजत नाही."

हे खरे आहे. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी अळणी पीठ मळलेले नाही. सासूबाई म्हणत, शालनच्या हातचे मीठ जरा वरच असते. मी त्यांना कारण सांगितले नाही.

बुवा ती बाजूला सारतात आणि कणकेशिवायच पखवाज मांडीवर घेतात. "घ्या रं. चौताल. धा धा दिं ता." ते थाप मारतात. डावा हात जोरात पडतो, पण आवाज पत्र्याच्या डब्याचा येतो. ता ता तिं ता. मुलगे तेच वाजवतात. मुली टाळ्या देतात. मात्रा बारा आहेत, अंतर सारखे आहे, मोजणीत कुठेही चूक नाही. तरी दुसऱ्या आवर्तनात एक मुलगा थांबून इकडेतिकडे पाहतो. मग दुसरा. सम कुठे गेली कुणालाच कळत नाही, कारण सगळेच कोरडे आहे.

"मोजा की रं नीट!" बुवा ओरडतात.

"ते मोजतायत," मी म्हणते. "मोजून काय होणार? डावा कुठे बोलतो ते कानाला कळलं, तर आपण कुठे आहोत ते कळेल. तुमचा डावा मुका आहे."

"मला शिकवतीस?" मग आवाज एकदम मऊ. हा मऊपणा मला जास्त ओळखीचा आहे. "शाले, तिकडं मळाया कुनी न्हाई गं. माझ्या हातात पानीच ऱ्हात न्हाई. अकरा वर्सं झाली, एक धा निघाला न्हाई. तुझ्या हाताला पानी कसं बेतात बसतं. म्हनून तर तुला वाजवू दिलं न्हाई. असला हात वाजवून खराब करायचा व्हय?"

हे वाक्य मी दहाव्या वर्षी ऐकले होते, आणि तेव्हा मला ते कौतुक वाटले होते. चार दिवस मी तळहाताकडे पाहत हिंडले होते.

"बुवा, ती पाटी कुणाची?"

"माझी. गावाला ठावं हाय."

मी बारा वर्षांची होते. एक नवा मुलगा धा आणि ता यांत पुन्हा पुन्हा चुकत होता. बुवांनी त्याच्या बोटांवर पट्टी मारली, तरी चुकत होता. मी परातीतून वर न बघताच म्हटले, "अरे, धा ओला असतो. ता कोरडा." मुलाने डोळे मिटले आणि बरोबर वाजवले. बुवांनी माझ्याकडे एकदा पाहिले. पुढच्या गुरुवारी त्यांनी तेच नव्या मुलांना सांगितले, मग पुढची चाळीस वर्षे सांगितले. लोक म्हणत, एवढी अवघड गोष्ट बुवा दोन शब्दांत सांगतात.

"तुमचं वाक्य?" मी विचारते. "तुमचे हात कधी ओले झाले होते, बुवा?"

बुवा अंगठा जिभेला लावतात आणि तो कुठे टेकवायचा ते न सुचून तसाच धरून ठेवतात.

मागच्या ओळीतली एक मुलगी दामटी खाते आहे. दोन वेण्या, कोपरापर्यंत पीठ. तिला तो घास गिळता येत नाही, हे मला दुरून दिसते. मी जाऊन तिच्या हातातली दामटी काढून घेते.

"टाकू नका हो," ती कुजबुजते. "बुवा रागावतील."

"रागावू देत. थुंक ते."

"इथं?"

"इथंच. माझ्या हातावर."

ती थुंकते. कोमट, चिकट, राखाडी. तीस वर्षांत हजारो नासके नमुने मी हाताळले, पण उघड्या हातावर एकही घेतला नाही. मी हात परातीच्या कडेला पुसते आणि खाली बसते. परातीत कोरडे पीठ आहे. तांब्यात पाणी. मीठ कुठेही नाही, आणि मी ते शोधतही नाही. पाणी थोडे थोडे घालते. पीठ आधी बोटांना सोडत नाही, मग सोडते. मुलगी माझ्याकडे बघते आहे. मी पखवाज बुवांच्या मांडीवरून उचलते. तो हलका आहे. डाव्या तोंडावर मधोमध गोळा ठेवते, कडा दाबते. कोरड्या अंगठ्याने दाबते. थोडी कणीक नखात जाते.

मग दोन्ही हात.

धा.

आवाज कानात येण्याआधी माझ्या मांडीतून जातो. कॅनची झाकणे थरथरतात. सगळी मुले एकदम मान उचलतात. कुणी सांगितले नाही, तरी समेवर सगळ्यांच्या टाळ्या पडतात, मुलींच्याही, मुलग्यांच्याही.

बुवा हसू लागतात. काळ्या फटी पुन्हा दिसतात. ते मुलांकडे वळून म्हणतात, "बघा रं. माझी शिष्या! मीच घडवली."

तोच जुना आंबूस वास पुन्हा येतो. एवढेही मला एकटीला ठेवू दिले नाही. मी तोंड उघडते, आणि तोंडात उशीचा अभ्रा आहे.

खोलीत ऊन भिंतीच्या निम्म्यावर आले आहे. घड्याळात पाचला चार मिनिटे कमी. पंखा फिरतो आहे. माशी गेली आहे.

माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखात काहीतरी आहे. उजेडात धरून पाहते. पांढुरके, ज्वारीच्या दाण्याहून लहान, अजून ओले. सकाळी अकराला मी कणीक भिजवली, त्यानंतर साबणाने हात धुतले, जेवले, पुन्हा धुतले. सहा तास ते ओले राहणार नाही.

मी उठते. आधी ताटली उचलून घरच्या कणकेचा एक कण जिभेवर ठेवते. मीठ आहे, जरा वरच. चूळ भरते. मग नखातला कण दातांनी काढते. किळस येते, शहारे खांद्यापर्यंत जातात, तरी मी तो जिभेवर पुरता विरघळू देते.

अळणी.

फोन वाजतो.

"नमस्कार शालनताई," शिरीषरावांचा आवाज नेहमीसारखा घाईत आहे. "काय ठरलं मग? का अजून आपलं कळवते, कळवते?"

"नाही. सांगते."

"पाटी तयार झालीय बघा. बुवांचं ते वाक्य मोठ्या अक्षरांत घेतलंय, खाली त्यांचं नाव. आणि पुतणे म्हणत होते, त्या पाच पोरींचं कसं करायचं? कणकेला लावायच्या का त्यांना, तुमच्यासारखं? म्हणजे परंपरा पण..."

जिभेवर ती चव अजून आहे. मी ती गिळत नाही.

"वर्ग मी घेते, शिरीषराव. पाटीवर वाक्याखालचं नाव पुसा, ते वाक्य माझं आहे. आणि कणीक ज्याची त्याने मळायची."