फंक्शन रूममधलं बरोक

प्रत्येक घरात एक पिशव्यांची पिशवी असते बघा. आपण काही मुद्दाम जमवत नाही, पण एक दिवस ती कपाटाचं दार ढकलून बाहेर येते! आमच्या शनिवारच्या क्लासच्या किश्शांचं तसंच झालंय. परवा पुण्याच्या मैत्रिणीला फोनवर एक सांगायला घेतला, तर त्याच्यामागून आणखी चार निघाले आणि तिकडे तिचा भात लागला. म्हटलं, आता लिहूनच काढावं.

तर क्लास असा. वसुधाताई पुण्याच्या एका आर्ट कॉलेजात तीस वर्षं कलेचा इतिहास शिकवून रिटायर झाल्या आणि सिंगापूरला मुलाकडे, आमच्याच condo मध्ये, म्हणजे इथल्या सोसायटीत, राहायला आल्या. एकदा लिफ्टमध्ये मी सहज विचारलं, "दिवसभर कंटाळा येत असेल ना हो ताई?"

"मला नाही येत. भिंतींना येतो," त्या म्हणाल्या. "एकाच्या घरात धड चित्र नाही!"

पुढच्याच शनिवारी सकाळी condo च्या फंक्शन रूममध्ये वर्ग सुरू. विषय : युरोपातली चित्रकला, रेनेसान्सपासून रोकोकोपर्यंत. विद्यार्थी चार. मी, म्हणजे मंजिरी, इन्शुरन्स कंपनीत नोकरी आणि शाळेत चित्रकलेला कायम 'क' श्रेणी. समीर, बँकेतला. जोगळेकर काका, जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत अठ्ठावीस वर्षं सेफ्टी सांभाळून नुकतेच निवृत्त झालेले. आणि मंगलमावशी. मूळच्या सांगलीच्या, पंचवीस वर्षांपूर्वी लग्न करून इथे आलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला चित्रातलं काही कळत नाही. पण शनिवारी सकाळी घरी असले की सगळे विचारतात, नाश्त्याला काय!"

* * *

पहिला तास रेनेसान्सचा. ताई रंगात आल्या होत्या. छतावर ओला गिलावा, तो वाळायच्या आत रंग लागला पाहिजे, चित्रकार उंच लाकडी परांचीवर, मान मागे टाकलेली, रंग डोळ्यांत ठिबकतोय...

जोगळेकर काकांनी हात वर केला. "हार्नेस होता का?"

"कसला हार्नेस?"

"एवढ्या उंचीवर काम म्हणजे हार्नेस हवा. खाली बॅरिकेड हवं. परांची रोज सकाळी तपासायचं कोण? परमिटवर सही कोणाची?"

समीर फिस्सकन हसला. ताई मात्र हसल्या नाहीत. "काका, तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. बघून सांगते."

आणि त्यांनी खरंच शोधलं! पुढच्या शनिवारी वही उघडून म्हणाल्या, "नव्हता हार्नेस. पडायचे लोक. हातपाय मोडायचे, काही मरायचेसुद्धा. मी आपली जन्मभर वरच बघत राहिले. खाली कोण पडलं, ते कधी पाहिलंच नाही."

काका चष्मा पुसत म्हणाले, "माझ्या नोकरीत एकच पडला. वाचला तो. दर दिवाळीला फोन करतो अजून."

तेव्हापासून स्लाइडवर कुठलंही छत आलं, की ताईंनी तोंड उघडायच्या आत काका विचारतात, "आधी एवढं सांगा, चित्रकार संध्याकाळी घरी नीट गेला ना?"

* * *

मग आलं पर्स्पेक्टिव्ह. खोली काढली की जमिनीच्या, भिंतींच्या, छताच्या सगळ्या रेषा लांब एका बिंदूपाशी जाऊन मिळतात, तो व्हॅनिशिंग पॉइंट. रेनेसान्सवाले म्हणे चित्रातला सगळ्यात मोठा माणूस नेमका त्याच्यापुढे बसवायचे.

समीरला हे इतकं आवडलं की ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्याने नोट्स घेण्याऐवजी अख्खी मीटिंग रूमच काढली. टेबल, खुर्च्या, छतावरचे दिवे, सगळ्या रेषा पट्टीने आखलेल्या. आणि बॉसने नेमका तो कागद पाहिला!

"सगळ्या रेषा माझ्या डोक्याशी का येतायत?" बॉसने विचारलं.

समीर म्हणाला, "सर, जुने मास्टर्स सगळ्यात महत्त्वाच्या माणसाला तिथे बसवत."

बॉस इतका खूश झाला की त्याने कागद मागून घेतला, फ्रेम केला आणि केबिनमध्ये लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो म्हणे.

"वा समीर! नशीब काढलंस," मंगलमावशी म्हणाल्या.

समीर हळूच म्हणाला, "मावशी, व्हॅनिशिंग पॉइंटचा अर्थ मी त्याला सांगितलेला नाही. आमच्या ऑफिसमधलं काहीही त्याच्यापर्यंत गेलं, की तिथेच गडप होतं!"

* * *

रेनेसान्सनंतर मॅनरिझम. यात बायकांच्या माना हंसासारख्या, बोटं काकडीएवढी. असं का, हे ताई चाळीस मिनिटं समजावत होत्या. आधीच्या पिढीने सगळं हुबेहूब काढून संपवलं, मग पुढच्यांनी करायचं काय? निसर्गापेक्षा देखणं करू, म्हणून ताणलं, वाकवलं, घोटलं. आम्ही माना डोलावत होतो. कळत कोणालाच नव्हतं.

माझी अकरा वर्षांची लेक इरा त्या दिवशी स्विमिंगनंतर ओल्या केसांनी येऊन मागे बसली होती. स्क्रीनकडे एकदा बघून अस्सल सिंगापुरी इंग्लिशमध्ये म्हणाली, "आई, शी यूज्ड फिल्टर लाह!"

ताईंनी पॉइंटर खाली ठेवला. "झाला तास. घरी जा सगळे."

* * *

बरोकचा तास मात्र आम्हाला जवळजवळ महागात पडला होता.

बरोक म्हणजे काळोख आणि एकाच बाजूने येणारा उजेड. ते स्लाइडवर कळत नाही, अंगावर घ्यावं लागतं, असं ताईंचं म्हणणं. म्हणून भर दुपारी बाराला फंक्शन रूमचे पडदे ओढले, दिवे बंद केले. एक बाई शत्रूच्या सेनापतीचं मुंडकं उडवते, हा त्या काळातल्या चित्रकारांचा लाडका प्रसंग. तो आपण उभा करायचा. सेनापती कोण? जोगळेकर काका. टेबलावर लाल चादर घालून आडवे झाले, डोकं टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतंय. (झोपायच्या आधी टेबल हलवून बघितलं, ते वेगळं!) समीरकडे मोबाइलचा टॉर्च. आणि ती बाई व्हायला मंगलमावशी एका पायावर तयार. घरून ब्रेड कापायची सुरी घेऊन आल्या.

"मंगल, राग दिसू दे चेहऱ्यावर!" ताई ओरडत होत्या. "काका, मान आणखी खाली! समीर, उजेड फक्त सुरीवर आणि गळ्यावर! मंगल, केस धर त्यांचे!"

"केस कुठायत?" मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात दार उघडलं. condo चे सिक्युरिटी अंकल.

मी त्यांच्या बाजूने विचार केला. काळोख. टेबलावर म्हातारा माणूस. गळ्याशी सुरी. एक बाई ओरडतेय, एक मुलगा शूटिंग केल्यासारखा उभा. म्हटलं, आता पोलीस येणार, माझा पीआरचा, इथे कायम राहायचा, अर्ज आत्ताच कुठे गेलाय!

अंकलनी सगळीकडे शांतपणे नजर फिरवली. घड्याळ पाहिलं. म्हणाले, "आंटी, वन ओ'क्लॉक नेक्स्ट बुकिंग, आह. आफ्टर फिनिश, क्लीन द टेबल, कॅन?"

मावशी सुरी तशीच धरून म्हणाल्या, "कॅन, कॅन!"

* * *

रोकोको लागलं त्या दिवशी मावशींनी पहिल्याच स्लाइडला टाळी वाजवली. "अगं बाई, ही तर आमच्या सांगलीच्या मंगल कार्यालयातली नवरानवरीची खुर्ची!"

ताई दुखावल्या. "मंगल, हा फ्रान्सच्या सरदारांचा दिवाणखाना आहे. ती नाजूक वळणं बघ, ते शिंपले, तो फिका गुलाबी..."

"तीच हो ती. पाठीमागे शिंपलाच होता. माझा अंबाडा अडकला होता त्यात!"

तास संपल्यावर आम्ही लिटिल इंडियात गेलो. मावशींना कढीपत्ता हवा होता, आम्हाला जिलबी. चालता चालता ताई एका दुकानापुढे थबकल्या. लग्नाचं सामान भाड्याने देणारं दुकान, आणि काचेच्या आड सोफा. गुलाबी मखमल, सोनेरी वेटोळी, पाठीला हा एवढा शिंपला.

ताई आत गेल्या. सोफ्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. शिंपल्यावरून बोट फिरवलं. मग आमच्याकडे न बघता पुटपुटल्या, "हो. तेच आहे."

दुकानदार उत्तरेकडचा होता, लगबगीने पुढे आला. "मॅडम, शादी किस की है?"

ताई तंद्रीतच म्हणाल्या, "रोकोको की."

त्याने वही काढली. "लड़का या लड़की?"

* * *

आता शेवटचा. हा ताईंची परवानगी घेऊन सांगतेय.

इथल्या एका म्युझियममध्ये युरोपातून काही चित्रं प्रदर्शनाला आली. ताईंनी यादी दोनदा वाचली. त्यात एक बरोक चित्र होतं, खिडकीपाशी बसून शिवणारी बाई. चित्रकार काही मोठ्या नावाचा नाही, आपल्याकडच्या पुस्तकांत ते चित्र कुठे छापलेलं नाही. पण ताईंच्या कॉलेजला कोणीतरी दिलेल्या स्लाइड्सच्या खोक्यात ते निघालं होतं, आणि पुढे तीस वर्षं बरोकचं पहिलं लेक्चर त्या चित्रावरच. ताईंनी युरोप पाहिलेला नाही. सगळं आयुष्य स्लाइड्सवर. खरं, रंगाचं चित्र त्या पहिल्यांदाच बघणार होत्या.

त्या दिवशी त्यांनी ठेवणीतली नारायणपेठ नेसली. MRT च्या ट्रेनमध्ये आम्हाला ते लेक्चर पुन्हा ऐकवलं. "खिडकी डावीकडे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो ना, म्हणून आधी उजेड वाचायचा, मग बाई. उजेड असा चालत तिच्यापर्यंत येतो. आणि बाई डावखुरी बरं का! डाव्या हातात सुई. त्या काळी डावखुरी बाई रंगवायची म्हणजे केवढं धाडस!" बोलता बोलता आमचं स्टेशन मागे गेलं. आम्ही कोणी त्यांना थांबवलं नाही.

म्युझियममध्ये ताई सगळ्यांच्या पुढे. चित्र शेवटच्या दालनात होतं. त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हलल्याच नाहीत. आम्ही मागून पोचलो.

खिडकी उजवीकडे होती. सुई उजव्या हातात होती.

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि वाटलं, कळलं नसतं तर बरं. स्लाइड उलटी होती. तीस वर्षं, दर वर्षी, प्रत्येक वर्गाला.

ताई मागच्या बाकावर बसल्या. जोगळेकर काका शेजारी बसले. मावशींनी पाण्याची बाटली पुढे केली, ती ताईंनी घेतली नाही.

"किती मुलं असतील गं मंजिरी?" त्यांनी मला विचारलं. "किती जणांना मी खोटं शिकवलं?"



मग त्यांनी पर्समधून फोन काढला. जुन्या विद्यार्थ्यांचा त्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर एकेक अक्षर टिपत लिहिलं : 'शिवणाऱ्या बाईच्या चित्रात उजेड उजवीकडून येतो. बाई डावखुरी नाही. आपली स्लाइड उलटी होती. मी चूक शिकवलं. क्षमा करा.' आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

दोनच मिनिटांत तो वाजला. सुनील नावाचा विद्यार्थी, आता त्याच कॉलेजात शिकवतो. ताईंनी स्पीकर लावला.

"मॅडम, आम्हाला माहीत होतं."

"काय?"

"दुसऱ्या वर्षाला असताना स्लाइड्स पुसायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा लक्षात आलं की ती चौकटीत उलटी बसवलीय. मी सरळ केली, तास सुरू व्हायच्या आधी लावून बघितली. पण मॅडम, तुमचं लेक्चरच बसेना त्याच्यावर! सगळ्या वर्गाने मिळून ठरवलं, आणि मी परत होती तशी लावली."

ताई म्हणाल्या, "गाढवांनो!" आणि पदर तोंडाला लावला. हसतायत की रडतायत, मागून कळत नव्हतं. पुढून बघितलं तर दोन्ही.

फोन ठेवून त्यांनी नाक पुसलं, उठल्या आणि मावशींना म्हणाल्या, "मंगल, तुझ्या पर्समध्ये आरसा आहे का गं?"

मावशींनी टिकलीची डबी काढून दिली, झाकणात छोटा आरसा असलेली. ताई चित्राकडे पाठ करून उभ्या राहिल्या. डबी उघडून खांद्याच्या वर धरली, जरा डावीकडे नेली, जरा खाली घेतली. आणि थांबल्या.

मागून शाळेच्या मुलांची एक रांग आली, गेली. ताई तशाच उभ्या. काकांनी कोणाला मधून जाऊ दिलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी डबी मिटली आणि मावशींना परत दिली.

"चला," म्हणाल्या, "भेट झाली."