बोळ्यातली चकती

दानम्माचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि जुळे सोलापुरातल्या दुकानाला संध्याकाळपर्यंत शंभर कडक भाकऱ्या द्यायच्या होत्या. म्हणून पलीकडच्या गल्लीतली धाकटी जाऊ सुंदरम्मा सकाळीच आली. येताना स्वतःचा बोळा घेऊन आली.

बोळा म्हणजे काय, तर जुन्या लुगड्याच्या घड्या घालून शिवलेली तळहाताएवढ्या रुंदीची गादी. भाकरी तव्यावर असताना या गादीनं दाबत राहायचं, म्हणजे भाकरी फुगत नाही, कडेपर्यंत वाळते. एवढ्याशा वस्तूकडे कोण बघतं? लोक भाकरी मोडून बघतात आणि करणारीच्या हाताचं नाव घेतात. बारा वर्षं दानम्माच्या हाताचं नाव होत होतं.

"बगा की अक्का, परत मधी मऊ राहिली," सुंदरम्मा म्हणाली. तिसावी भाकरी तिनं बाजूला टाकली. "तुमी म्हनायचा ते खरं हाय. माजा हातच कुचका."

"आच कमी कर," दानम्मा म्हणाली.

आचेचा काही दोष नव्हता. फळीवर दानम्माचा बोळा होता, त्याच्या पोटात लाकडी चकती शिवलेली होती. चकतीमुळे दाब सगळीकडे सारखा पडायचा. सुंदरम्मा लग्न होऊन आली त्या वर्षी दानम्मानं तिलाही बोळा शिवून दिला. नुसत्या चिंध्यांचा. धाकटी रंगानं उजळ, माहेर भरलेलं. भाकरीत तरी आपण वरचढ असावं, एवढंच तेव्हा मनात आलं होतं.

"दुकानवाल्याला काय सांगायचं आता? तुमचं नाव घालवते बगा मी," सुंदरम्मा म्हणाली आणि बोटं फुंकू लागली. दाबून दाबून ती लाल झाली होती.

दानम्मानं डाव्या हातानं फळीवरचा बोळा काढून तिच्यापुढं ठेवला.

सुंदरम्मानं तो उचलला, चाचपला. "ह्यात काय हाय?"

"चकती. ह्यांनी हातमागाच्या जुन्या लाकडाची कापली होती."

"एकच?"

दानम्माला 'व्हय' म्हणता आलं असतं. तव्यावरच्या पिठाला जळका वास यायला लागला.

"दोन," ती म्हणाली. "दुसरी तुझी होती."

"कुटं हाय ती?"

"चुलीत घातली मी."

सुंदरम्मानं जळलेलं पीठ उलथण्यानं खरवडून काढलं. नवी भाकरी थापली, तव्यावर टाकली, बोळा फिरवला. भाकरी उतरवून तिनं मोडली. कट् असा कोरडा आवाज आला. ती आपल्या तळहाताकडे बराच वेळ बघत राहिली.

"अक्का, माज्या आईला मरताना माज्या हातची कडक भाकरी पायजे होती," ती म्हणाली. "मी तुमच्याकडनं नेली."

उरलेल्या सगळ्या भाकऱ्या तिनं केल्या, एकही मऊ निघाली नाही, आणि शेजारी बसलेल्या दानम्माला तिथून उठताही येईना.