टाळीबाईंचा श्वास

टाळीबाईंचा वर्ग शाळेच्या तळघरात भरतो. शेजारच्या खोलीत पाण्याची मोटर आहे. खिडक्या पार छताला टेकलेल्या, जाळी लावलेल्या. त्यांतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात.

आधी हा वर्ग वरच्या मजल्यावर होता. मुलं एकदम पाय आपटायला लागली की खालच्या वर्गात फळ्यावरची धूळ उडते, अशी गणिताच्या सरांची तक्रार होती. तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी बाईंना खाली पाठवलं. “तात्पुरतं हं,” म्हणाल्या. तेव्हा पहिलीत असलेल्या एका मुलीची मुलगी आज बाईंच्या वर्गात आहे.

मी याच शाळेत भाषा शिकवते. साहित्याची पदवी घेऊन आले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मला खुर्ची नव्हती. बाईंनी आपली अर्धी दिली. आमची मैत्री तिथून सुरू झाली. वयाने त्या माझ्या आईएवढ्या, पण मी त्यांना ताई म्हणते.

त्यांच्याकडे एकही वाद्य नाही. एक पेटी होती, पण मोटरच्या ओलीने तिच्या पट्ट्या फुगल्या आणि नवी कोणी दिली नाही. मग त्यांनी मुलांचीच वाद्यं केली. छातीवर थाप म्हणजे मोठा आवाज. मांडीवर थाप, टाळी, चुटकी, पाय. पहिलीच्या मुलांना चुटकी वाजत नाही. त्यांना जीभ टाळूला लावून ‘टक्’ करायची सूट.

पहिल्या दिवशी त्या मुलांना गळ्याशी दोन बोटं ठेवायला लावतात.

“लागली का नाडी?”

“बाई, माझी नाहीये!”

“असेल रे. शोध. नसती तर तू इतकी वटवट केली नसतीस.”

मग सगळे जाळीतून दिसणाऱ्या पायांकडे बघतात. कोणी भरभर जातं, कोणी रेंगाळत. मुलं त्या पायांबरोबर मांडीवर थाप देतात. ठेका बदलला तरी आतली नाडी सोडायची नाही, एवढंच त्या शिकवतात. आणि ‘गप्प’. गप्प म्हणजे दोन्ही तळवे उघडून धरायचे, आवाज करायचा नाही. “गप्पसुद्धा वाजवायचं असतं,” त्या म्हणतात. पन्नास मुलं एकाच क्षणी गप्प वाजवतात, तेव्हा फक्त मोटर ऐकू येते. पहिल्यांदा मी ते पाहिलं आणि दारातच उभी राहिले.

गेल्या दिवाळीनंतर बाईंना दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. तिथे लाकडी जमीन होती. पाय आपटला की कंप मुलांच्या तळव्यांना कळतो. बाई एकदा जाऊन बघून आल्या होत्या. परत आल्या त्या वेगळ्याच.

“अगं, त्या मुलांना ऐकूच येत नाही,” त्या मला सांगत होत्या, “पण एक पोरगी जमिनीवर आडवी झाली आणि गालाने ठेका घेतला. गालाने! मला हे काम आधी का नाही सापडलं?”

ती शाळा जूनमध्ये नवं शालेय वर्ष सुरू होईपर्यंत जागा राखून ठेवणार होती. त्यापुढे नाही. त्यासाठी आमच्या शाळेने बाईंना मोकळं करायला हवं होतं. मुख्याध्यापिकांची एकच अट होती. शाळेच्या वर्षअखेरीस पालकांसमोर लयीचा कार्यक्रम होतो. तो दुसऱ्या कोणीतरी करून दाखवायचा.

“दुसरं कोण?” बाईंनी विचारलं.

मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे बघितलं. “हिने साहित्य केलंय. कवितेत छंद असतात ना? मग झालं तर.”

रोज शाळा सुटल्यावर मी बाईंच्या घरी जाऊ लागले. दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्यांचे यजमान. बस आगारातून निवृत्त झालेले, तरी प्रत्येक बस किती उशिरा गेली ते खिडकीतून सांगणारे. मधे स्वयंपाकघर. मागच्या खोलीत सासूबाई. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, पण कानांनी घरभर फिरायच्या. आम्ही ओट्याजवळ उभ्या राहून मांडी, मांडी, छाती, टाळी करायचो.

“मारामारी कोणाची चाललीय गं?” आतून आवाज यायचा.

“शिकवतेय, आई.”

“शिकव, शिकव. तिकडची पोरं बहिरी आहेत म्हणे. बरंय, तुझा आरडाओरडा त्यांना लागायचा नाही.”

यजमान पुढून म्हणायचे, “आईला तिकडचा डॉक्टर मानवला पाहिजे. बाकी मला काय, बस तिथेही असतात.”

ही त्यांची परवानगी होती. ती मिळवायला बाईंचा सगळा हिवाळा गेला होता.

तळघरातल्या तालमी छान झाल्या. मी मुलांपुढे उभी राहायचे. बाई माझ्या पाठीमागे, भिंतीला टेकून. “मी इथे नाहीच असं समजा,” त्या मुलांना सांगायच्या. मी “एक, दोन, तीन, चार” म्हणायचे आणि पन्नास पाय एकत्र पडायचे. पायांखालची फरशी हलायची. मला वाटायचं, मी करतेय.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या दिवशी तालमीला मी एकटी होते.

“एक, दोन, तीन, चार.”

कोणी हललं नाही.

मी पुन्हा मोजलं. मुलं माझ्याकडे बघत राहिली, हात छातीजवळ तयार ठेवून. खट्याळपणा नव्हता. ती खरंच थांबली होती.

“अरे, सुरू करा ना!”

दोघाचौघांनी पाय आपटले. बाकीच्यांनी मागून कसंबसं धरलं. पहिल्या रांगेत दोन वेण्यांची एक लहानखुरी मुलगी उभी असते. सगळे तिला चिमणी म्हणतात. ती म्हणाली, “बाई, तुम्ही श्वासच घेत नाही.”

“कसला श्वास?”

चिमणीने दाखवला. खांदे वर, नाकातून एक छोटा श्वास. हुबेहूब टाळीबाई. सगळा वर्ग हसला. हसता हसता सगळ्यांचा पाय एकत्र पडला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई घरी परतल्यावर मी ताईंना सांगितलं. आधी त्या खूप हसल्या. मग ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

“म्हणजे मी त्यांना मोजून सुरू करायला कधी शिकवलंच नाही?”

“तुम्ही मोजता की, ताई.”

“मोजते. पण ती मोजणं ऐकत नाहीत. मला बघतात.” त्यांनी स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. “मी पाठीमागे उभी राहून रोज श्वास घेत होते. मला माहीतही नव्हतं.”

उरलेल्या दिवसांत आम्ही सगळं करून पाहिलं. मी खांदे उचलले. मुलं म्हणाली, “तुमचा खोटा वाटतो.” चिमणीला पुढे उभं केलं, तर सगळी हसत सुटली. मुलांना डोळे मिटायला लावले. अर्धी पुढे, अर्धी मागे. ताई वर्गाबाहेर गेल्या, तेव्हा मुलं दाराकडे बघायला लागली. पहिलीपासून लागलेली सवय. आठ दिवसांत काय सुटणार?

“तू मोज आणि थांबू नकोस,” शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या. “मी सभागृहात येणार नाही. समोर दिसलेच नाही की नाइलाजाने सुरू होतील. घाबरल्यावर माणूस कुठूनतरी सुरू होतोच.”

त्यांना बाहेर राहू दिलं नाही. मुख्याध्यापिका स्वतः जिन्यापर्यंत गेल्या. “तुमचाच कार्यक्रम आणि तुम्ही बाहेर? वेड लागलंय का?” हाताला धरून त्यांनी ताईंना पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या मधोमध बसवलं. उजवीकडे पाहुणे, डावीकडे मुख्याध्यापिका. उठायला वाट नव्हती.

मी रंगमंचाच्या कडेला मुलांपुढे उभी राहिले. पाठ लोकांकडे. सभागृह भरलं होतं. पालकांनी फोन वर धरले होते.

“एक, दोन, तीन, चार.”

पन्नास हात छातीजवळ. डोळ्यांच्या पन्नास जोड्या माझ्या खांद्यावरून पलीकडे.

मी परत मोजलं. या वेळी मोठ्याने. मागे कोणीतरी खोकलं. कोणीतरी कुजबुजलं, “विसरली बहुतेक.” चिमणीची हनुवटी थरथरायला लागली. टोकाचा मुलगा रडू आवरायला ओठ चावत होता. तरी कोणी हात खाली घेतला नाही. ती तयार होती. फक्त सुरू होता येत नव्हतं.

मी मान वळवली.

ताई ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. ओठ मिटलेले. त्या श्वास घेत नव्हत्या. चेहरा लाल होत चालला होता. गळ्याची शीर मला रंगमंचावरून दिसत होती. शेजारचे पाहुणे त्यांच्याकडे बघायला लागले. माझ्याशी डोळे भिडले, तेव्हा त्यांनी किंचित मान हलवली. नाही. पुन्हा मोज.

मी पुन्हा मोजलं.

चिमणीच्या गालावरून पाणी ओघळलं. तिने ते पुसलं नाही, कारण हात छातीजवळ ठेवायचे होते.

ताईंनी ते पाहिलं. त्यांचे खांदे वर गेले.

पन्नास पाय एकदम पडले. रंगमंच घुमला. मांडी, मांडी, छाती, टाळी. मधला कठीण भाग, ज्यात अर्धी मुलं एका ठेक्यात आणि अर्धी दुसऱ्यात असतात, तोही स्वच्छ निघाला. मग गप्प. सगळं सभागृह गप्प झालं. इतकं चांगलं मुलांनी कधीच वाजवलं नव्हतं. माझे हात हलत होते, पण त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. मीही नाही.

टाळ्या संपता संपेनात. ताईंचे खांदे उचललेले मुख्याध्यापिकांनी शेजारून पाहिले होते. त्यांनी डोळे टिपले. माइक हातात घेऊन त्या म्हणाल्या, “आपण सगळ्यांनी पाहिलं. काही शिक्षक बदलता येत नाहीत. आमच्या टाळीबाई आमच्याकडेच राहणार.” त्या मनापासून बोलत होत्या. लोक उभे राहिले. ताईही उभ्या राहिल्या, कारण सगळे उभे होते. चिमणी रंगमंचावरून उडी मारून त्यांच्या कमरेला बिलगली. ताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला जवळ घेतलं, पण बघत होत्या भलतीकडे.

मी त्यांच्याबरोबर घरी गेले. वाटेत त्या एकदाच बोलल्या. “ती पोरगी रडली नसती, तर मी गुदमरले असते गं. पण श्वास घेतला नसता.” मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

यजमान दारात होते. ताईंचा चेहरा बघितला आणि ते खिडकीशी जाऊन बसले. स्वयंपाकघरात तीन खोकी होती, जाण्यासाठी अर्धी भरलेली. ताईंनी पदर खोचला, पहिलं खोकं उघडलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले पेले काढायला लागल्या.

“कसं झालं गं?” आतून सासूबाईंनी विचारलं.

“छान झालं.”

“पोरं चुकली का?”

“नाही. एकही नाही.”

“मग आता कागद का फाडतेस?”

ताई पेले फळीवर ठेवत गेल्या. मी एकेक पुसून त्यांच्या हातात देत राहिले. मग सासूबाई म्हणाल्या, अगदी हळू, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात,

“मोठं पातेलं राहू दे खोक्यात. घाई काय आहे?”

ताई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी ते पातेलंही काढलं.