चिमटीतला उजेड

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या अमरावतीत झालं असतं! मग तुम्हालाच का सांगतेय? कोण जाणे.

मी फार्मसी कॉलेजात शिकवते. पोरं मला ‘लाइटवाली मॅडम’ म्हणतात आणि — खरं सांगू? — ऐकायला छान वाटतं. एम.फार्म.ला असताना मी एक जेल बनवलं होतं. प्रकाश त्वचेत फार आत जात नाही, वरच्यावर विखुरतो. जेल लावल्यावर तो खोल पोचावा, म्हणजे दुखऱ्या सांध्यांना लाल प्रकाशाच्या उपचाराचा गुण यावा, असा बेत. माझी अकोटची मैत्रीण वैशाली, तिनेही आपलं वेगळं जेल केलं होतं. पीएच.डी.ची जागा मात्र एकच. जिच्या जेलचा आकडा मोठा, तिला ती मिळणार.

चाचणी सोपी होती. अंगठा आणि बोटाच्या मधल्या पातळ कातडीला जेल लावायचं, वरून दिवा, खालून उजेड मोजणारं मीटर — दोन्ही नुसती टेकवायची. नुसती! माझ्या जेलच्या वेळी मी जराशी दाबली. दाबल्यावर कातडी पातळ होते, रक्त बाजूला सरतं, उजेड आपोआप पलीकडे जातो. मला हे माहीत होतं? होतं की. आदल्याच दिवशी वाचलं होतं.

आकडा सरसर चढला. वैशालीने तर टाळ्याच वाजवल्या. “काय वं, तुह्या हातात जादू हाय का? मले कावून नाई जमून राहिलं?”

ती गेल्यावर मी दोन्ही जेल पुन्हा तपासली, या वेळी न दाबता. तिचं सरस निघालं — चांगलंच सरस. मग? तिचं उरलेलं जेल बेसिनमध्ये ओतलं, बीकर लख्ख घासून ठेवला. संध्याकाळी तिने मला कचोरीची पार्टी दिली. मी दोन खाल्ल्या.

वैशालीचं आता अकोटला मेडिकल आहे. झकास चालतं, आणि ती माझ्यापेक्षा जास्त हसते. परवा तिच्याकडे गेले होते. तिची मुलगी म्हणत होती, मला संशोधनात जायचंय.

“राहू दे वं,” वैशाली हसत म्हणाली. “आपल्या घरात ते डोकं नाई. म्या करून पाह्यलं ना.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चहा मस्त झालाय.