बोटीतला फ्यूज

गारखेड्यात माझं गाड्यांना टेप, स्पीकर बसवायचं दुकान आहे. लोकांच्या सीटखालची घाण रोजच बघतो, त्यामुळं मला सहसा शिसारी येत नाही. मावसभावाच्या बोटीत आली.

हा माझ्याहून मोठा. धरणाच्या पाण्यात पेट्रोलवरची बोट चालवतो, सुट्टीला आलेल्या लोकांना गाणी लावून फिरवतो. "अ‍ॅम्प्लिफायर लई तापतोय, येऊन बघ," म्हणाला. गेलो. मागची फळी उचलली आणि नाकाला रुमाल लावला. तळाशी बोटभर काळं पाणी, त्यावर पेट्रोलचा तवंग, गुटख्याच्या पुड्या, भिजून फुगलेला ब्रेड. त्याच्या वीतभर वर अ‍ॅम्प्लिफायर. त्याला घरातल्या दिव्याची असते तसली बारीक वायर, थेट बॅटरीवरून आणलेली, पेट्रोलच्या नळीला बांधलेली. तापून तिचं प्लास्टिक नळीला चिकटलं होतं.

"दादा, फ्यूज कुठंय?"

"सारखा उडायचा. काढून टाकला."

"काल माणसं बसली होती ह्याच्यात?"

"व्हय. चार फेऱ्या झाल्या. का रं?"

मला शिसारी आली ती इथं. वासानं नाही.

बोट काठाला ओढायला लावली. फळ्या उघड्या टाकून पेट्रोलचा वास पार जाऊ दिला, पाणी उपसलं, नळी बदलायला लावली. मगच हत्यारं काढली. कलई केलेली जाड तांब्याची वायर नळीपासून लांबून नेली. बॅटरीच्या प्लसपासून वीतभरावर फ्यूज बसवला. मायनसची वायर थेट बॅटरीला जोडली. अ‍ॅम्प्लिफायर वर, कोरड्यात, हवा लागेल असा पक्का केला.

"फ्यूज उडाला म्हंजे त्यानं तुमची बोट वाचवली," मी म्हणालो. "का उडाला ते बघायचं. त्याला काढायचं नाय."

"लई शहाणा झालास," म्हणून तो हसला.

महिन्याभरानं एक स्पीकर बंद पडला म्हणून परत बोलावलं. फ्यूजचं झाकण उघडलं. आत फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून कोंबलेली.

"गाणी बंद पडली की लोक कुरकुरतात," तो म्हणाला.

मी बॅटरीची टोकं सोडली, अ‍ॅम्प्लिफायर वायरीसकट काढला. तो आईवरून शिव्या द्यायला लागला. काठावर एक कुटुंब थांबलं होतं, बाईच्या कडेवर तान्हं लेकरू. त्यांना मी सरळ सांगितलं, हा माणूस फ्यूज काढून बोट चालवतो, ह्याच्या बोटीत आग लागू शकते, बसू नका.

बाईच्या नवऱ्यानं विचारलं, "मग गाणी नाहीत का?"

आणि बसले की. लेकरासकट.

मावशीचा फोन आला, घरच्या माणसाला असं चारचौघांत करतात का म्हणून. पुढं कळलं, त्यानं बजाजनगरच्या कुणाकडून तरी नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला. कसा बसवला, ते बघायला मी गेलो नाही. जायला हवं होतं. आपल्याला काय करायचंय, असं म्हणून दुकानात बसून राहिलो, त्याची मला अजून किळस येते.