शिरूरला एक सही

पुण्यात आंतरराष्ट्रीय संबंध शिकताना आमच्या मॅडमनी एक सवय घोटून घेतली होती. तहाचा कागद शेवटून वाचायचा, कारण खरं देणंघेणं परिशिष्टात दडवलेलं असतं. ती सवय मी पहिल्यांदा वापरली ती माझ्याच वडिलांवर, आप्पांवर.

परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, पण व्हिसा नाकारला गेला. ही मुलगी शिकून परत येईल असं वाटत नाही, हे कारण. मी पुन्हा अर्ज करणार होते. तेवढ्यात गावात कुजबुज सुरू झालेली, की पोरगी जायच्या आत जमिनीचं उरकून घ्या. आणि मग आप्पांचा फोन.

"सोमवारी शिरूरला ये. आधार कार्ड घेऊन ये. एक सही लागतीया, व्हिसाचंच काम हाय."

व्हिसाच्या कामाला शिरूरचं रजिस्ट्री ऑफिस? मला काय दूधखुळी समजतात! लेकींच्या सह्या तिथे कशासाठी होतात हे मला चांगलं ठाऊक होतं. हक्कसोडपत्र, मग हॉटेलात जेवण, मग एक साडी. दौंडला दिलेल्या माझ्या आत्याचं असंच झालं होतं.

सोमवारी बघते तर आत्याच बाकावर बसलेली. आप्पांनी तिला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. माझं डोकंच फिरलं. जिला असं मोकळं केलं, तिच्याच साक्षीनं आता मलाही? आप्पा नजरेला नजर देत नव्हते. भाऊ आला नव्हता, त्याचाही मला संशय आला.

"वाचल्याशिवाय सही करणार नाही," मी म्हणाले.

"वाच की. कोण नगं म्हनतंय?"

मी शेवटून सुरुवात केली. दोनदा वाचलं. बक्षीसपत्र होतं ते. आप्पांनी स्वतः घेतलेलं विहिरीजवळचं एक एकर माझ्या नावावर.

"गावात तुझी जमीन हाय म्हनल्यावर परत येशील आसं वाटंल त्या लोकांस्नी," ते म्हणाले.

मला लाज वाटली. तरीही मनात आलंच, व्हिसा मिळाल्यावर हे एकर परत लिहून मागतील का? तसं विचारायचं धाडस झालं नाही. सही केली आणि पेन आत्याकडे दिलं.

आत्या सातवी शिकलेली. पण तिनं कागदाला हातही लावला नाही.

"दादा, तू वाचून दाखव."

"आगं, तिनं वाचलाय की."

"मला दाखव."

आप्पा उभ्यानंच वाचू लागले. गट नंबर, चारी बाजूंचे शेजारी, सगळं नीट वाचलं. 'हा दस्त मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' इथवर आले आणि थांबले.

"ही वळ माझ्या कागदात बी व्हती का?" आत्यानं विचारलं.

"व्हती," आप्पा खाली बघत म्हणाले. "तुला वाचूच दिला न्हाई मी."