दादाच्या हाताखालचा अॅडॅप्टर

दादाचा डावा हात भाजला आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही. हे आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

पक्षाघातानंतर त्याचा तो हात थोडा हलायला लागला होता, पण स्पर्श परत आला नव्हता. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "बोटं हलती ठेवा. आवडीचं काहीतरी द्या हातात." दादा अडखळत म्हणाला, "माझा व्हिडिओ गेम काढा." देवळाली कॅम्पच्या त्यांच्या घरात वहिनीने माळा उपसला. गेम सापडला, दोन्ही रिमोट सापडले, कॅसेटी सापडल्या. अॅडॅप्टर तेवढा नव्हता.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. गेमच्या पाठीवर लिहिलं होतं, नऊ व्होल्ट. शेजारी एक चित्र होतं: पिनेच्या मध्यभागी उणे, बाहेर अधिक. हल्लीच्या बऱ्याच अॅडॅप्टरांत हे नेमकं उलटं असतं, आणि उलटं लावलं तर गेम जळतो. द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात मी हे सगळं सांगायला लागले, तर दुकानदार हसला.

"मॅडम, तुम्ही साहेबांना पाठवा ना. त्यांना समजावतो."

"साहेब नाहीत. मला समजावा."

त्याने एक काळा डबा काउंटरवर टाकला. व्होल्ट बदलायचं बटण, अधिक-उणे फिरवायची सोय, वर एक अँपिअर छापलेलं आणि सरकारी मार्कसुद्धा. "सगळ्याला चालतो. गॅरंटी माझी."

दादाच्या घरी मी सगळं नीट जुळवून लावलं. टीव्हीवर रणगाडे आले आणि दादा लहान मुलासारखा हसला. दोन-तीन दिवस मजेत गेले. मग एका दुपारी वहिनीला स्वयंपाकघरात प्लास्टिक जळल्याचा वास आला. ती धावली. पलंगावर ओढून घेतलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात तो अॅडॅप्टर होता, वितळून वाकडा झालेला, आणि दादाचं मनगट त्याच्यावर टेकलेलं. दादा खेळत होता. वहिनी किंचाळली तेव्हा त्याने वळून पाहिलं. मनगटावर हा एवढा फोड.

"मला कळलंच नाही गं," तो मला म्हणाला, जणू त्याचाच काही अपराध झाला होता. त्या वाक्याने मी जास्त पेटले.

मी स्क्रू काढून तो डबा उघडला. आत बोटाच्या पेराएवढी गुंडाळी, केसासारख्या तारा, फ्यूज नावालाही नाही. भिंगातून बघितलं, तर त्या मार्कखाली नोंदणीचा नंबरच नव्हता. नुसतं चित्र. कुणीतरी शांतपणे बसून ते चित्र छापलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट दुकानात गेले आणि वितळलेला डबा त्याच्यासमोर आपटला. दादाच्या हाताचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "पण मॅडम, हात कशाला ठेवायचा त्याच्यावर?"

मला वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. हात उचलला नाही, आवाज मात्र उचलला. "माझ्या भावाला त्या हाताने काही कळत नाही! आणि ज्याला कळतं, त्यानेसुद्धा का जळावं?"

"बरं, हा भारीतला घेऊन जा," असं म्हणत त्याने मागच्या हुकावरून तसाच दुसरा काढला.

मग मी दारात उभी राहिले. अॅडॅप्टर मागायला येणाऱ्या प्रत्येकाला उघडा डबा आणि फोटो दाखवू लागले. एक आजोबा राउटरसाठी आले होते, ते मागे फिरले. एक बाई थांबली, म्हणाली, "आमच्याकडे असाच आहे, पाळण्याजवळ," आणि लगबगीने निघून गेली. दुकानदार बाहेर आला. "ताई, धंदा खराब नका करू."

"तुम्ही हात खराब करता, ते चालतं?"

शेवटी त्याने हुकावरचे सगळे अॅडॅप्टर खोक्यात भरून आत ठेवले. पुढच्या आठवड्यात बसमधून जाताना मान वळवून पाहिलं. सगळे पुन्हा तिथेच लटकत होते. मी ग्राहक तक्रार केली. अजून उत्तर नाही.

दादासाठी नवा अॅडॅप्टर मी दुसरीकडून आणला: बरोबर नऊ व्होल्टचा, गेमला लागतात त्याहून जास्त अँपिअरचा, मध्ये उणे असलेला. मार्कखालचा नंबर आधी सरकारी यादीत तपासला. गेमला लावण्याआधी शाळेतल्या मीटरवर मोजला, तासभर चालवून हात लावून पाहिला. कोमटच होता. आता तो पलंगापासून लांब, भिंतीवरच्या बोर्डात असतो.

"एवढं कशाला चिडतेस? फोड बरा झाला की," दादा म्हणतो. असेल बरा झाला. त्याच्यासाठी तरी कुणी चिडायला नको का? तो रणगाडे उडवत बसतो, डावा अंगठा हळूहळू बटणावर जातो, आणि मी शेजारी बसून माझा राग तसाच धरून ठेवते.